ज्याची तारीख आधी

हॉस्पिटलच्या तळघरात, जिन्यावरून उतरून डावीकडे वळलं की औषधांचं स्टोअर. तिथे एकतीस वर्षं एकच बाई बसली. तिला सगळे स्टोअरबाई म्हणायचे; झाडूवाल्यापासून मोठ्या सर्जनपर्यंत सगळे. सर्जन जरा घाबरतच म्हणायचे.

स्टोअरबाईचा नियम एकच. ज्याची तारीख आधी, ते आधी बाहेर. प्रत्येक औषधाच्या पाकिटावर ते संपण्याची तारीख छापलेली असते. नवा माल आला की तो मागच्या रांगेत लावायचा, जुना पुढे ओढायचा, आणि वॉर्डातून मागणी आली की पुढचाच द्यायचा. ऐकायला किती सोपं. पण लोकांना तेवढंही जमत नाही. हाताला येईल तो खोका फोडतात, आणि वर्षभराने मागच्या रांगेत इंजेक्शनांची शंभर-दीडशे पाकिटं तारीख उलटून पडलेली सापडतात. मग चौकशी, मग खुलासे, मग एकमेकांकडे बोटं. स्टोअरबाईच्या राज्यात असली चौकशी एकदाही लागली नाही. त्यामुळे ती अंमळ जास्तच ताठ चालायची, आणि तिच्याशी वाद घालायला कोणी धजत नसे.

हाच नियम तिने घरी आणला. साबण, टूथपेस्ट, बिस्किटांचे पुडे, सगळं तारखेप्रमाणे रांगेत. पाव आणला की आधी कालचा संपवायचा. कालचा संपेपर्यंत आजचा कालचा झालेला असायचा. त्या घरात तीस वर्षांत कोणाला ताजा पाव मिळाला नाही, आणि ह्यात काही चुकतंय असं म्हणायची कोणाची छाती नव्हती. नवरा जमीनमोजणी खात्यात सर्व्हेअर. लोकांच्या बांधाची भांडणं सोडवण्यात त्याचा जन्म गेला, पण बायकोशी हद्दीचा वाद घालायचा नाही हे तो लग्नानंतर पहिल्या महिन्यातच शिकला होता.

इथवर ठीक होतं हो. डाळ-तांदळाला नियम लावलात, लावा. पण बाटल्यांवरचा नियम माणसांवर कधी आला, हे तिचं तिलाही कळलं नाही.

सुरुवात सासऱ्यांपासून झाली. त्यांना हृदयविकाराचा झटका येऊन गेला तेव्हा डॉक्टरांनी खाजगीत सांगितलं, फार दिवस नाहीत. सासऱ्यांनी समुद्र पाहिला नव्हता. स्टोअरबाईने आठ दिवसांत सगळी जुळवाजुळव करून त्यांना समुद्रावर पाठवलं. ते पाण्यात पाय बुडवून आले, दोन महिने त्याच गोष्टी सांगत राहिले आणि समाधानाने गेले. स्टोअरबाईला वाईट वाटलं, रडली, पण आत कुठेतरी तिला बरंही वाटलं. म्हणजे अगदी वेळेत झालं, वाया काही गेलं नाही, असं. मग नवऱ्याची आत्या. तिला एकदा विमानात बसायचं होतं. तिला बसवलं. तीही पुढच्या वर्षी गेली. नातेवाइकांत बोलबाला झाला की सुनेने काय केलं हो, पोटची पोरं करत नाहीत. एक-दोन म्हातारे मात्र तेव्हापासून तिने "काका, तुम्हाला कुठे जावंसं वाटतं?" असं विचारलं की विषय बदलायला लागले.

आणि मग नंबर आला सासूबाईंचा. सासूबाई टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेल्या ऑपरेटर. आवाज खणखणीत, आणि बोलणं तीन मिनिटांत उरकायची सवय. सत्तराव्या वर्षी त्यांना न्हाणीघरात चक्कर आली. डॉक्टर म्हणाले, "आता वयच झालं." एवढंच म्हणाले बिचारे. स्टोअरबाईने ते मनात तारीख म्हणून टिपलं आणि सासूबाईंना "शेवटचं एकदा" थंड हवेच्या डोंगरावर पाठवलं, मुलाबरोबर. ही गोष्ट अकरा वर्षांपूर्वीची.

सासूबाई डोंगरावरून परत आल्या. दोन दिवस झोपून राहिल्या, तिसऱ्या दिवशी उठून चहा मागितला. पुढच्या वर्षी "शेवटचं एकदा" बर्फ. मग वाळवंट. मग दीपगृह. मग गरम पाण्याचे झरे, मग एक जुना किल्ला, मग अजून काय काय. अकरा वर्षांत अकरा शेवटच्या सहली. दरवेळी मुलगा बरोबर जायचा, कारण सहलीचा मोसम आणि स्टोअरची वार्षिक तपासणी एकाच महिन्यात यायची. स्टोअरबाई तळघरात गोळ्या मोजत बसायची आणि माय-लेक उंटावर बसलेले फोटो पाठवायचे. आणि सासूबाई? दरवर्षी अधिकच टुणटुणीत.

आता ह्या सगळ्यात स्टोअरबाईला स्वतःला काही हवं होतं की नाही? होतं. एकच.

तळघरातल्या स्टोअरमध्ये पाणी म्हणजे दुश्मन. भिंतीला जरा ओल आली की खोके मऊ पडतात, पाकिटांवर बुरशी धरते. एकतीस वर्षं तिने ओलीशी झुंज दिली; फडकी, पंखे, चुन्याच्या पिशव्या, सगळं करून झालं. अशा बाईने सहा वर्षांपूर्वी एका दुपारी हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये टीव्हीवर आफ्रिकेतला तो धबधबा पाहिला. दोन देशांच्या मधोमध जमीन फाटल्यासारखी फट, जवळजवळ पावणेदोन किलोमीटर रुंद, आणि सगळी नदीच्या नदी त्यात कोसळते. तिथले लोक त्याला गरजणारा धूर म्हणतात, असं टीव्हीवरचा माणूस सांगत होता. स्टोअरबाईच्या हातातला चमचा तसाच राहिला. एवढं पाणी, आणि कोणाच्या मागणीपत्रावर? कोणाच्याच नाही. ना नोंद, ना सही, ना शिल्लक. ह्याचं ऑडिट कोण करतं, हा तिच्या मनातला पहिला विचार. दुसरा विचार असा की आपल्याला तिथे उभं राहून नखशिखांत भिजायचंय. हे तिने नवऱ्याशिवाय कोणाला सांगितलं नाही. नवरा म्हणाला, "जाऊ की." तो सगळ्यालाच "जाऊ की" म्हणतो.

मार्चअखेर ती निवृत्त व्हायची होती. जानेवारीतच तिने फाईल उघडली. फाईलला अनुक्रमणिका. पहिल्या पानावर महिने. एप्रिल-मेमध्ये पाणी दणदणीत, पण तुषारांचा असा पडदा की धबधब्यासमोर उभं राहून धबधबा दिसत नाही. ऑक्टोबरात पाणी आटतं, नुसते काळे कडे उघडे पडतात, पण जनावरं पाणवठ्यावर गर्दी करतात, म्हणून सफारीवाले ऑक्टोबर म्हणतात. नवऱ्याला सिंह बघायचा होता.

"ऑक्टोबरात जाऊ," तो म्हणाला. "सिंह हमखास."

"सिंह दिवसातले वीस तास झोपतो. झोपलेला माणूस मी घरीच बघते की."

शेवटी जूनचा पहिला आठवडा ठरला. तेव्हा पाणीही असतं आणि सिंहालाही थोडीफार आशा असते. अकरा दिवस, त्यात तीन दिवस उघड्या जीपमधून सफारी, एक संध्याकाळ नदीवर बोट, आणि दोन पूर्ण दिवस धबधबा. मग तिने टूरवाल्याचं डोकं खायला सुरुवात केली. पाणघोडा बोटीखाली आला तर जबाबदार कोण, हे तिने लेखी मागितलं. तंबूची चेन आतून लागते की बाहेरून, हे विचारलं. मलेरियाच्या गोळ्या तिच्या तिनेच काढून ठेवल्या, अर्थात ज्यांची तारीख आधी त्या आधी घ्यायच्या. टूरवाला पन्नाशीचा, पोट सुटलेला, सोशिक गृहस्थ. त्याने शेवटी हात टेकले. म्हणाला, "बाई, चौदा जणांचा ग्रुप आहे, बारा जागा भरल्यात, दोनच उरल्यात. पाणघोड्याचं मी बघतो. तुम्ही फॉर्म भरा."

मंगळवारी दुपारी तिने त्याच्या टेबलावर बसून फॉर्म भरला. प्रवाशाचं नाव, जन्मतारीख, पासपोर्ट नंबर. घरातले तिन्ही पासपोर्ट पिशवीत होतेच. ती कुठलेच कागद सुटे ठेवत नाही. दहा मिनिटांत भरला, खाली अर्जदार म्हणून सही ठोकली, प्रत घेतली, घरी आली. चपला काढत होती तेवढ्यात नवऱ्याने चष्मा लावून प्रत वाचली.

"अगं," तो म्हणाला, "ह्यात तू कुठे आहेस?"

तिने कागद हातात घेतला. पहिल्या ओळीत सासूबाई, वय एक्क्याऐंशी. दुसऱ्या ओळीत नवरा, वय एकसष्ट. तिसरी ओळ फॉर्मवर नव्हतीच.

कोणी तिला तसं लिहायला सांगितलं नव्हतं. जन्मतारखांचा रकाना दिसला आणि एकतीस वर्षांचा हात आपला आपण चालू पडला. ज्याची तारीख आधी, ते आधी. जागा दोन होत्या, दोन भरल्या, खाली सही. स्वतःच्या जन्मभराच्या एकुलत्या एका सहलीतून तिने स्वतःला इतक्या सफाईने वगळलं होतं की टूरवाल्यालाही काही वावगं वाटलं नाही. त्याला वाटलं, चांगली बाई आहे, घरच्यांना पाठवतेय.

स्टोअरबाई तशीच चपलांच्या कपाटावर बसली. नवऱ्याला हसू आलं होतं, पण तिचं तोंड बघून त्याने ते गिळलं. तिने टूरवाल्याला फोन केला. तो म्हणाला, शुक्रवारी बारापर्यंत नावं बदलता येतील, नंतर तिकिटं निघतात, मग देवाचंही चालत नाही.

सोपं होतं. सासूबाईंचं नाव काढायचं, आपलं घालायचं, झालं. पण ती फोनवर बोलत होती तेवढ्यात नवऱ्याने आत जाऊन घोळ घातला. ह्या माणसाच्या मनात पाप नाही, पण चांगुलपणाने इतकी वाट लावतो की पापी परवडला. "आई," तो म्हणाला, "तुझं नाव आफ्रिकेच्या सहलीत घातलंय तिने." सासूबाई टीव्ही बघत होत्या. "हं," म्हणाल्या. आणि बुधवारी सकाळी त्यांनी लोकरीचे मोजे मागितले.

झालं. आता एक्क्याऐंशी वर्षांच्या बाईला तोंडावर सांगायचं, की तुम्ही नाही, मी जाणार? बुधवारी स्टोअरबाईने तीनदा त्यांच्या खोलीत जाऊन तीनदा पडदे सारखे केले आणि परत आली. संध्याकाळी तिने मनाशी ठरवूनही टाकलं. राहू दे. पुढच्या वर्षी जाऊ. आपलं काय, आपण मागच्या रांगेतले, आपल्याला कुठे घाई आहे.

गुरुवारी ती स्टोअरमध्ये शेवटचे हिशेब समजावून द्यायला बसली होती. समोर नेहमीसारखी रांग. पुढचा खोका गेला की मागचा पुढे येतो. पुढचा गेला की. तिचा हात थांबला. पुढच्या वर्षी सासूबाई ब्याऐंशीच्या होतील, नवरा बासष्टचा, आणि ती तरीही मागेच. तिची पाळी कधी येणार, तर पुढचं माणूस गेल्यावर. म्हणजे गेली सहा वर्षं, चांगली सून म्हणून गावभर नाव कमावून, ती काय करत होती? सासूबाई मरायची वाट बघत होती. दुसरं काय. इतकी लाज तिला आयुष्यात वाटली नव्हती. कानांच्या पाळ्या गरम झाल्या. समोरच्या फार्मसिस्टने विचारलं, "बाई, बरं वाटत नाहीये का?" ती म्हणाली, "नाही," आणि पर्स उचलून सरळ घरी निघून आली. एकतीस वर्षांत पहिल्यांदा, सुट्टीचा अर्ज न देता.

शुक्रवारी दहा वाजता ती सासूबाईंच्या खोलीत गेली. सासूबाई खिडकीपाशी खुर्चीत, पाय कोमट पाण्याच्या टबात. स्टोअरबाईने पडद्यांना हात लावला नाही.

"आई, त्या धबधब्याला तुम्ही नाही जायचं. मी जाणारे."

सासूबाईंनी टबातला एक पाय उचलला, पायपुसण्यावर ठेवला.

"बरं," त्या म्हणाल्या.

"बरं म्हणजे?"

"बरं म्हणजे बरं. जा. मला वाटलं ह्या खेपेला जंगली हत्तीच्या पुढ्यात नेऊन उभी करतेस. टॉवेल दे इकडे."

स्टोअरबाईने टॉवेल दिला. "पण तुम्ही मोजे मागितलेत."

"पाय गार पडतात. मोज्यांना आफ्रिका कशाला लागते?"

"तुम्हाला प्रवास आवडतो ना, आई?"

सासूबाईंनी वेड्या माणसाकडे पाहावं तसं तिच्याकडे पाहिलं. "आवडतो? दीपगृहाच्या दोनशे पायऱ्या चढवल्यास मला. गुडघे अजून शिव्या देतायत. बर्फावर पडले ते सांगितलंच नाही त्याने तुला. आणि बहात्तराव्या वर्षी उंट. उंटावरून उतरताना मला वाटलं, इथेच संपलं सगळं, निदान तुझ्या मनासारखं तरी होईल."

"मग एकदाही नको का म्हणाला नाहीत?"

"कशी म्हणणार? तू दरवर्षी यायचीस, तोंड एवढंसं करून, शेवटचं एकदा म्हणत. मी नको म्हटलं असतं तर तू काय समजली असतीस? की झालं, म्हातारीत आता काही राहिलं नाही. माझं मलाही तसंच वाटलं असतं. म्हणून दरवर्षी बॅग भरायची. म्हटलं, थांब, दाखवते तुला शेवटचं."

स्टोअरबाई पलंगावर बसली. आणि मग तिचं डोकं असं फिरलं की आवाज बाहेर नवऱ्यापर्यंत गेला. "अकरा वर्षं, आई. अकरा वर्षं मी तळघरात गोळ्या मोजतेय, की तुमची हौस होऊ दे. आणि तुम्ही हट्टाने उंटावर बसताय. एक शब्द बोलला असतात तर मी कधीच जाऊन आले असते. मी इथे वाट बघत बसलेय तुमच्या..."

तिने जीभ चावली.

"मरायची," सासूबाई म्हणाल्या. "म्हण की. मीही बघतेय. येत नाही त्याला मी काय करू?"

सासूबाईंनी दुसरा पाय पुसला, सावकाश, बोटांच्या मधूनसुद्धा. स्टोअरबाईच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ती ते पुसत नव्हती.

"आता काय?" सासूबाई म्हणाल्या.

"मी तिकडे असताना काही झालं तर? तुम्हाला?"

हेच होतं खरं. उंट, बर्फ, सगळं एकीकडे. त्या कुठेतरी मुलाबरोबर असल्या की तिचा जीव भांड्यात पडलेला असायचा. पण आपण त्यांना मागे ठेवून निघायचं, हे तिला सहा वर्षं जमलं नव्हतं.

"माझी लेक येईल ना राहायला. आणि ह्यालाही घेऊन जा, सिंह बघू दे. अकरा दिवस मला टीव्ही हवा तेवढ्या मोठ्याने लावता येईल."

"तसं नाही. काही झालंच तर."

"झालं तर झालं. तुमच्या हॉस्पिटलात थंड खोली आहे ना, मेलेल्यांची? तिथे ठेवतील. तुझी ओळख आहे, पुढच्या रांगेत जागा देतील."

स्टोअरबाईला रडता रडता हसू फुटलं, आणि मग ते आवरेना. सासूबाईही हसल्या, मांडीवरचा टॉवेल खाली घसरला. दारात नवरा येऊन उभा राहिला होता. त्याला काहीच कळेना, म्हणून तोही जरा हसला.

स्टोअरबाईने पदराने तोंड पुसलं आणि सरळ बसली.

"आई, आत्ताच सांगून ठेवते. मी अर्ध्यातून परत यायची नाही. काहीही झालं तरी. अकरा दिवस म्हणजे अकरा दिवस."

"येऊन तरी काय करणार आहेस?" सासूबाई म्हणाल्या. "मी काय उठून दार उघडणारे?"

पावणेबाराला तिने सासूबाईंच्या शेजारी बसूनच टूरवाल्याला फोन लावला. त्याने विचारलं, कोणाचं नाव काढायचं. तिला ते उत्तर द्यायला जरा वेळ लागला. मग तिने सासूबाईंचं नाव सांगितलं, आणि पलीकडे तो ते पूर्ण लिहून घेईपर्यंत सासूबाईंचा हात धरून ठेवला.